दहावीचे पस्तीस गुण

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले बसतात. विषयाला शंभरपैकी ३५ गुण मिळाले की मूल उत्तीर्ण होते. एकूण ४५ टक्क्यांना द्वितीय श्रेणी, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांच्या पुढे विशेष प्रावीण्य मिळते. हे आकडे इतके अंगवळणी पडले आहेत की ते कुठून आले आणि काय सांगतात, हे सहसा कोणी विचारत नाही. गणितात ३५ मिळवणारी दोन मुले घेऊ. एकाने बीजगणिताचा भाग चांगला सोडवला आणि भूमितीत तो अडकला. दुसऱ्याला अंतर्गत मूल्यमापनाच्या २० पैकी १८ गुण मिळाले आणि लेखीच्या ८० पैकी १७. दोघांच्या गुणपत्रकावर आकडा एकच, पण दोघांना येणारे गणित वेगळे. पहिल्याच्या अडचणीवर पुढच्या वर्षी उपाय करता येईल. दुसऱ्याची अडचण कुठे आहे, हे त्या कागदावरून कळण्याचा मार्गच नाही. शालान्त परीक्षेच्या सुधारणेची चर्चा पेपरफुटी, कॉपी आणि निकालाची टक्केवारी यांभोवती फिरत राहते. तिचा गाभा मात्र या पस्तीस गुणांच्या अर्थात आहे.

या परीक्षेचा जन्म शाळेच्या गरजेतून झाला नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली. महादेव गोविंद रानडे त्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षेचा हेतू स्पष्ट होता: विद्यापीठात शिकण्याजोगी मोजकी मुले निवडायची. शाळेत कोण काय शिकले, हे सांगणे हे तिचे काम नव्हते. लवकरच सरकारी नोकरीसाठीही मॅट्रिकची अट आली, आणि जी परीक्षा विद्यापीठाचा उंबरठा होती ती मध्यमवर्गाच्या आयुष्याचा उंबरठा बनली. ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा एक पात्रता म्हणून लोक सांगत, कारण तिथपर्यंत पोचणेच दुर्मीळ होते.

मुंबई प्रांतात १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली आणि परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. आज पुण्यात मुख्यालय आणि नऊ विभागीय मंडळे असा त्याचा पसारा आहे. १०+२+३ हा आकृतिबंध आला तेव्हा १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसली. नाव बदलले, इयत्ता बदलली, परीक्षा घेणारी संस्था बदलली. पण विद्यापीठाच्या दारावरच्या परीक्षेचा स्वभाव टिकून राहिला. एका बाजूने ती सांगते की या मुलाचे दहा वर्षांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. दुसऱ्या बाजूने ती मुलांना रांगेत उभे करते आणि कोणाला कोणते महाविद्यालय मिळेल ते ठरवते. पहिले काम प्रमाणपत्राचे, दुसरे निवडीचे. या दोन कामांसाठी लागणारे प्रश्न वेगळे असतात. दहावीइतके शिक्षण झाले का, हे पाहणाऱ्या पेपरात बहुतेक मुलांना सुटतील असे आवश्यक गोष्टींवरचे प्रश्न हवेत. निवडीच्या पेपरात वरच्या मुलांमध्ये फरक करणारे अवघड प्रश्न हवेत. एकाच पेपरावर दोन्ही ओझी टाकली की दोन्ही कामे अर्धवट होतात.

निवडीचे ओझे किती जड आहे, हे २००८ ते २०१० या तीन वर्षांत दिसले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अकरावीच्या जागांसाठी राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई अशा वेगवेगळ्या मंडळांची मुले एकाच यादीत येतात. त्यांच्या टक्क्यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न तीव्र झाला. राज्य सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले आणि २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले, म्हणजे सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरायचे. उच्च न्यायालयाने तेही रद्द ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ते कायम केले. पालक, विद्यार्थी आणि वकील यांची ती तीन वर्षे एका गणिती अडचणीशी झगडण्यात गेली. एका मंडळाचे ८५ टक्के दुसऱ्या मंडळाच्या किती टक्क्यांबरोबर आहेत, हे सांगणारी कोणतीही सामाईक पट्टी अस्तित्वात नव्हती. पट्टीच नसेल तर न्यायालय तरी काय मोजणार?

गुण किती विश्वासार्ह असतात, हा याच्याही आधीचा प्रश्न. या बाबतीत फिलिप हार्टॉग यांचे काम आजही वाचण्यासारखे आहे. हार्टॉग ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. १९२८-२९ मध्ये भारतातील शिक्षणाच्या वाढीचा आढावा घेणारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासोबत १९३५ मध्ये परीक्षांचीच परीक्षा घेणारा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रयोगात शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या. मूळ तपासणीत या सर्वांना सारखेच मध्यम गुण मिळालेले होते. त्या अनुभवी परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिले आणि त्यांतील १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. असे एकूण २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय बदलला. आधी उत्तीर्ण ठरवलेला आता नापास ठरला, किंवा नापास ठरवलेला वरच्या श्रेणीत गेला. कोणाची लबाडी नव्हती, कोणाचा आळस नव्हता. मोकळ्या उत्तराला एक आकडा द्यायचा म्हटले की माणसाचा हात एवढा हलतोच.

महाराष्ट्रात या हलणाऱ्या हाताला आवर घालण्यासाठी एक साखळी आहे. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, नियामक त्यातील काही पुन्हा पाहतो, त्यावर मुख्य नियामक असतो. सर्वांना आदर्श उत्तरे आणि गुणदान योजना दिलेली असते. निकालानंतर विद्यार्थ्याला गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. ही साखळी ढोबळ चुका पकडते. पण तपासणीत नियम जितके काटेकोर करावेत तितका प्रश्नच एका ठरावीक उत्तराकडे झुकू लागतो, ही तिची मर्यादा. निबंधात मुलाने स्वतःचा विचार मांडला आणि गुणदान योजनेत तो मुद्दा नसेल, तर सावध परीक्षक गुण देताना कचरतो. विश्वासार्हता वाढवताना मोजायची गोष्टच हातातून निसटते.

परीक्षा सुधारा, असे सांगणाऱ्या आयोगांची भारतात उणीव नव्हती. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगाने १९४९ मध्येच उच्च शिक्षणातील सर्वांत निकडीची सुधारणा म्हणून परीक्षेकडे बोट दाखवले. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात बाह्य परीक्षा कमी कराव्यात, शाळेतील चाचण्या आणि नोंदी अंतिम मूल्यमापनात धराव्यात, आकड्यांऐवजी श्रेणी द्याव्यात, अशा शिफारशी केल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही गुणांच्या जागी श्रेणी सुचवल्या. या सर्वांत दौलतसिंह कोठारी आयोगाची (१९६४-६६) एक शिफारस सर्वांत दूरदर्शी होती, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. शालान्त प्रमाणपत्रावर प्रत्येक विषयातील कामगिरी लिहावी, पण संपूर्ण परीक्षेत ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा मारू नये. ज्या विषयात कामगिरी कमी वाटते त्याला विद्यार्थ्याने पुन्हा बसावे आणि नवी नोंद मिळवावी. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर परिसरात काम उभे केलेले जे. पी. नाईक होते. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ भारतीय शिक्षणात बसत नाही, ही त्यांची पुढच्या काळातील मांडणी प्रसिद्ध आहे. दहावीची परीक्षा या तिन्हींच्या नेमक्या मध्यावर उभी आहे. सर्वांना संधी द्यायची, दर्जा राखायचा आणि लाखोंची व्यवस्था लावायची, हे तिच्याकडून एकाच वेळी अपेक्षित असते.

प्रश्नपत्रिकेची शास्त्रीय रचना भारतात आली ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस. शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणासाठी ओळखले जाणारे शिकागोचे बेंजामिन ब्लूम त्या काळात भारतात आले. त्यांच्या मार्गदर्शनानंतर १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला आणि पुढे ते काम १९६१ मध्ये स्थापन झालेल्या एनसीईआरटीकडे गेले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टे, त्यांना गुणांचे भारांश आणि त्यावरून काढलेला संविधान तक्ता, हे शब्द बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असतात. कल्पना अतिशय चांगली होती: प्रश्न काढण्याआधी काय मोजायचे ते ठरवा. प्रत्यक्षात घडले वेगळेच. कोणत्या घटकावर किती गुणांचा, कोणत्या प्रकारचा प्रश्न येणार, हे आधीच जाहीर होऊ लागले. काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या की पुढची जवळजवळ सांगता येते. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाइडांचा बाजार याच नेमकेपणावर उभा आहे. ‘उपयोजन’ म्हणून छापलेला प्रश्न मुलाने आधी चार वेळा लिहून पाहिलेला असेल, तर परीक्षेत तो आठवणीचाच प्रश्न ठरतो. अलीकडच्या वर्षांत भाषांसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. उताऱ्यावर स्वतः विचार करून लिहिण्याच्या कृती तिच्यात वाढल्या. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. कृतींचे साचेही बाजारात लगेच मिळू लागले, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी कृतींचे स्वरूप बदलत राहिले तरच तिचा उपयोग टिकेल.

निकालाची टक्केवारी आणि मुलांची प्रगती या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे २०१८ ते २०२१ या चार निकालांत जितके स्पष्ट झाले तितके आधी क्वचितच झाले असेल. २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम आणि नवा आराखडा आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळेच्या हातचे २० गुण काढून टाकले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात बारा टक्क्यांची घसरण. शंभर टक्के गुण मिळवणारे २०१८ मध्ये १२५ होते, ते २०१९ मध्ये २० राहिले. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड झाली. त्याच ऑगस्टमध्ये अंतर्गत गुण परत आणण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्केवाले २४२ झाले. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असे गुण जुळवून निकाल तयार केला. तो ९९.९५ टक्के लागला आणि शंभर टक्के मिळवणारे ९५७ निघाले.

या चार वर्षांत महाराष्ट्रातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची बुद्धी आधी घसरली, मग उसळली, असे कोणीही म्हणणार नाही. २०१९ मध्ये नापास ठरलेल्यांपैकी कितीतरी मुले २०१८ किंवा २०२० मध्ये सहज उत्तीर्ण झाली असती. त्यांचा दोष एवढाच की त्यांचा जन्म त्या वर्षी दहावीत यावा अशा बेताने झाला. एखाद्या वजनकाट्यावर तेच पोते सोमवारी ७७ किलो आणि मंगळवारी ९५ किलो भरले, तर पोत्यावर कोणी संशय घेणार नाही. काटा दुरुस्तीला जाईल. इथे मात्र चर्चा झाली ती मुलांवर, शाळांवर आणि निकाल घसरलेल्या विभागांवर. पुढचे निकालही ९० च्या पुढेच आहेत: २०२२ मध्ये ९६.९४, २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के. या आकड्यांच्या चढउतारातून शिक्षण सुधारले की बिघडले, हे काढता येत नाही.

संपादणुकीचा दर्जा ठरवण्याचे जगात दोन मुख्य मार्ग आहेत. एक सापेक्ष: गटातील इतरांच्या तुलनेत मूल कुठे आहे ते पाहायचे. पर्सेंटाइल हा त्याचाच प्रकार. निवडीसाठी तो उपयोगी, पण सगळा गट कमकुवत असला तरी त्यात कोणीतरी पहिला येतोच. दुसरा मार्ग निकषाधारित. काय यायला हवे ते आधी शब्दांत लिहायचे आणि मूल तिथे पोचले का ते पाहायचे. वाहन चालवण्याच्या परवान्याची चाचणी अशी असते. त्या दिवशी आलेल्यांत पहिला कोण, हे तिथे विचारत नाहीत. गाडी सुरक्षित चालवता येते का, हेच पाहतात. महाराष्ट्रातील ३५ गुणांची रेषा यांपैकी कोणत्याच मार्गाने ठरलेली नाही. ती इतरांच्या तुलनेतून येत नाही आणि कोणत्याही लिहिलेल्या निकषातूनही येत नाही. पेपर सोपा असो वा अवघड, रेषा जागची हलत नाही, त्यामुळे दर्जा मात्र पेपरागणिक हलतो.

निकषावरून रेषा ठरवण्याची पद्धत फारशी गूढ नाही. अमेरिकी मापनतज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांनी १९७१ मध्ये एका लेखात ओघात सांगितलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. एखाद्या विषयाचे पंधरा-वीस अनुभवी शिक्षक एकत्र बसतात. जेमतेम उत्तीर्ण व्हावा असा काठावरचा विद्यार्थी कसा असतो, त्याला काय येते आणि काय येत नाही, यावर ते आधी एकमत करतात. मग प्रत्येक प्रश्नाबाबत विचारायचे की असे शंभर विद्यार्थी बसले तर किती जणांना हा प्रश्न सुटेल? दोन चलांतील रेषीय समीकरणांचे सरळ उदाहरण कदाचित सत्तर जणांना सुटेल. तेच शाब्दिक उदाहरण म्हणून आले, म्हणजे बाप-लेकाच्या वयांवरून समीकरण मुलाने स्वतः मांडायचे असेल, तर चाळीस जणांना सुटेल. सर्वांच्या अंदाजांची सरासरी काढायची, ती प्रश्नाच्या गुणांशी जोडायची आणि बेरीज करायची. त्या पेपरासाठी उत्तीर्णतेची रेषा म्हणजे ती बेरीज. एका वर्षी ती ३१ येईल, सोप्या पेपराच्या वर्षी ३९. रेषा हलते, पण काठावरचा विद्यार्थी तोच राहतो. आज नेमके उलट होते. अंदाज माणसांचेच असल्याने त्यात चूक राहते, म्हणून प्रत्यक्ष निकालातील आकडे पाहून शिक्षक दुसऱ्या फेरीत ते सुधारतात. शंभर टक्के अचूक असे यात काही नाही. पण निर्णय कोणी आणि कशावरून घेतला, हे निदान सांगता येते.

एका वर्षाचा दर्जा दुसऱ्या वर्षाशी जुळतो का, हे तपासायला आणखी एक साधन लागते. काही प्रश्न दोन्ही वर्षी तेच ठेवायचे, आणि ते कधीच बाहेर फुटू द्यायचे नाहीत. भारतात परीक्षा संपताच प्रश्नपत्रिका घरोघर पोचते, त्यामुळे मुख्य परीक्षेत हे शक्य नाही. इंग्लंडने त्यासाठी वेगळी वाट काढली. तिथे २०१७ पासून सोळाव्या वर्षीच्या मुलांच्या एका नमुन्याला इंग्रजी आणि गणिताची एक गुप्त संदर्भ चाचणी देतात. प्रश्न वर्षानुवर्षे तेच असतात. त्या चाचणीत मुलांची कामगिरी बदलली नाही, तर मुख्य परीक्षेच्या श्रेणी अचानक वाढण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यात तीन-चारशे शाळांतील काही हजार मुलांची अशी चाचणी ही खर्चाच्या दृष्टीने किरकोळ बाब आहे. २०१९ मध्ये ती असती, तर बारा टक्क्यांच्या घसरणीत मुलांचा वाटा किती आणि आराखड्याचा किती, हे एका महिन्यात कळले असते.

निकष शब्दांत कसे लिहायचे, हा सर्वांत नाजूक भाग. गणिताचे उदाहरण घेतले तर पायाभूत पातळीवरचे मूल दिलेल्या सूत्रात किमती घालून उत्तर काढते, शेकडेवारी आणि सूट यांचे रोजचे हिशेब करते, सोपा आलेख वाचते. मध्यम पातळीवरचे मूल शाब्दिक उदाहरणातून समीकरण स्वतः मांडते, समरूप त्रिकोण ओळखून बाजू काढते. वरच्या पातळीवरचे मूल उत्तर वास्तवाशी जुळते का ते तपासते आणि आपल्या पायऱ्यांची कारणे सांगते. तीन-चार पातळ्या, प्रत्येकीला चार-पाच ओळी आणि सोबत खऱ्या उत्तरांचे नमुने, एवढे पुरते. याहून बारीक गेले की योजना कोसळते, असा इंग्लंड आणि भारत दोन्हीकडचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये १९८८ च्या जीसीएसई या शालान्त परीक्षेसाठी विषयवार निकष लिहायला बसलेल्या गटांनी इतके तपशील काढले की ते वापरणेच अशक्य झाले आणि बेत सोडावा लागला. भारतात आर. एच. दवे यांच्या समितीने १९९१ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी किमान अध्ययन पातळ्या मांडल्या. हेतू स्तुत्य होता. पण शिक्षण लहान लहान क्षमतांच्या याद्यांत विभागले गेले आणि शिक्षक त्या यादीवर खुणा करण्यात गुंतला. २०१७ पासून आलेल्या अध्ययन निष्पत्तींनाही हाच धोका आहे. नववी-दहावीच्या पुस्तकांत त्या छापल्या गेल्या, पण निष्पत्ती आणि परीक्षेतील गुण यांना जोडणारा पूल अजून बांधलेला नाही.

हा पूल नसल्याची किंमत गावोगावच्या मुलांना मोजावी लागते. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या असर २०२३ या पाहणीत देशातील निवडक जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे उदाहरण ४३.३ टक्के मुलांनाच जमले. ही पाहणी महाराष्ट्राच्या दहावीची नाही आणि तिची थेट तुलना निकालाशी करता येणार नाही. तरीही नव्वद टक्क्यांच्या पुढचा निकाल आणि भागाकारात अडलेले मूल यांच्यामध्ये काय घडते, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

अंतर्गत गुणांचा वाद याच ठिकाणी येतो. शिक्षक मुलाला वर्षभर पाहतो. बोलणे, प्रयोग, प्रकल्प, चिकाटी या गोष्टी तीन तासांच्या लेखी पेपरात दिसत नाहीत. म्हणून मुदलियार आयोगापासून सर्वांनी शाळेच्या मूल्यमापनाला जागा मागितली. ज्या शाळेचा निकाल वर्तमानपत्रात छापला जातो, त्याच शाळेने गुण द्यायचे म्हटल्यावर २० पैकी १८-१९ ची खिरापत होणे ओघानेच आले. अशा गुणांनी मुलांत फरक होत नाही, फक्त सगळी रेषा वर उचलली जाते. इंग्लंडने घरी करायचे प्रकल्प बंद करून ते वर्गात देखरेखीखाली करायला लावले आणि पुढे बहुतेक विषयांतून काढूनच टाकले. सीबीएसईने २००९ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणून दहावीची बोर्ड परीक्षा ऐच्छिक केली, आणि २०१८ पासून ती पुन्हा सक्तीची केली. शाळेचे गुण काढून टाकणे हा सोपा उपाय, पण त्यात तोंडी भाषा आणि प्रयोग यांचा बळी जातो. दुसरा उपाय कष्टाचा आहे. शेजारच्या तीन-चार शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांच्या मुलांचे काम पाहायचे आणि सामाईक पातळीवर यायचे. एखाद्या शाळेचे अंतर्गत गुण लेखीच्या तुलनेत फार वर असतील, तर मंडळाने ते त्या प्रमाणात खाली आणायचे.

नव्या धोरणाच्या काळात प्रश्न पुन्हा उघडला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बोर्ड परीक्षा सोपी आणि क्षमतांवर आधारित करण्याचा, वर्षातून दोनदा संधी देण्याचा विचार आहे. विविध मंडळांच्या दर्जात मेळ आणण्यासाठी २०२३ मध्ये एनसीईआरटीत ‘परख’ ही संस्था सुरू झाली. सीबीएसईने २०२६ पासून दहावीसाठी वर्षात दोन परीक्षांचा निर्णय घेतला. महाराष्ट्रात जुलैची पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार योजना आहेच. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर उत्तीर्ण करण्याचा, मात्र पुढे ते विषय घेता येणार नाहीत असा शेरा देण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामागची कळकळ खरी आहे. फक्त गणितामुळे शाळा सुटलेली मुले, विशेषतः मुली, प्रत्येक गावात सापडतील. पण ३५ चा अर्थ ठाऊक नसताना २० चा कसा ठाऊक होणार? वीस गुणांवरच्या मुलाला बसच्या तिकिटाचा हिशेब आणि बँकेचे व्याज कळते की नाही, हे सांगता आले तर त्या शेऱ्याला आधार मिळेल. ते कळत नसेल तर त्या मुलाला शेऱ्याआधी गणिताची, वेगळ्या पद्धतीने शिकवलेल्या गणिताची, गरज आहे.

सुरुवात गणित आणि मराठी या दोन विषयांपासून करता येईल, कारण पुढच्या बहुतेक कामांचा पाया तेच आहेत. पहिल्या वर्षी ३०-३५ गुणांच्या आसपासच्या शे-दोनशे उत्तरपत्रिका नावे आणि बैठक क्रमांक झाकून निवडायच्या. वेगवेगळ्या विभागांतील शिक्षकांनी त्या वाचायच्या आणि काठावरच्या मुलाला काय येते ते लिहून काढायचे. निकालानंतर उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीने नष्ट होतात. हा नमुना मात्र जपून ठेवायचा. पुढच्या वर्षीचा पेपर तपासून झाला की तेच शिक्षक नव्या काठावरच्या उत्तरपत्रिका जुन्यांच्या शेजारी ठेवून पाहतील आणि रेषा कुठे ओढायची ते ठरवतील. इंग्लंडची परीक्षा मंडळे श्रेणींच्या सीमेवरच्या जुन्या उत्तरपत्रिका याच कामासाठी सांभाळून ठेवतात.